अशिलाशी अबोला

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले भारतीय नागरिक करमजितसिंग चहल यांना १९९० साली राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून हद्दपारीसाठी स्थानबद्ध करण्यात आले. सल्लागार मंडळापुढे त्यांना वकील नेण्याचीही मुभा नव्हती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९६ मध्ये ही पद्धत सदोष ठरविली, तेव्हा १९९७ च्या कायद्याने विशेष अपील आयोग आणि विशेष वकील अस्तित्वात आले.

पण हा वकील गुप्त पुरावा पाहिल्यावर आयोगाच्या अनुमतीवाचून अशिलाशी बोलू शकत नाही. ‘त्या दिवशी मी तेथे नव्हतोच’ हे उत्तर ज्याच्यापाशी असेल, त्याला प्रश्नच ठाऊक नसतो. ज्याला प्रश्न ठाऊक, त्याला विचारण्याची मोकळीक नसते. नियंत्रण आदेशांच्या प्रकरणी हाउस ऑफ लॉर्ड्सने २००९ मध्ये आरोपांचा पुरेसा गोषवारा संबंधितास मिळालाच पाहिजे, असा निर्णय दिला. हद्दपारीच्या अपिलात मात्र तो हक्क लागू करण्यास अपील न्यायालयाने २०१० मध्ये नकार दिला.

खबऱ्यांची नावे झाकावीत, याबद्दल दुमत नाही. परंतु आरोपाचे सारच झाकले, तर वकिलाची उपस्थिती हा केवळ उपचार उरतो. देशाबाहेर घालविण्यापूर्वी माणसाला निदान आरोप तरी कळला पाहिजे.