शाळेचे आवार आणि कुत्र्यांचे जंत

शाळेच्या पडवीत एखादी कुत्री व्याली की मुलांचा सारा जीव पिलांत गुंततो. मधल्या सुटीतील भाकरीचा पहिला तुकडा त्यांनाच मिळतो. तरी पिले रोडावत जातात, पोट तेवढे नगाऱ्यासारखे फुगते. मग दृष्ट लागली असे कोणी म्हणतो. वस्तुतः ही बाधा बहुधा जंतांची असून ती आईकडूनच आलेली असते. गोलकृमींच्या अळ्या कुत्रीच्या शरीरात सुप्त राहतात व ती गाभण राहिली म्हणजे जाग्या होऊन गर्भातील पिलांत शिरतात. अंकुशकृमींच्या अळ्या दुधावाटेही जातात. हा कृमी आतड्यास चिकटून रक्त पितो. हिरड्या पांढऱ्याफटक पडून विष्ठा डांबरासारखी काळी झाल्यास पिलू दगावण्याचा संभव असतो.

विष्ठेतून पडलेली गोलकृमींची अंडी ताजी असता अपाय करीत नाहीत. मातीत काही आठवडे राहिल्यावर त्यांत अळी तयार होते आणि पुढे ती वर्षानुवर्षेही टिकू शकतात. म्हणून पिलास कुरवाळण्यापेक्षा मातीने भरलेले हात तोंडात घालणे अधिक घातक होय. मुलाच्या पोटात गेलेली अळी तेथे वाढत नाही. ती यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही भटकते व दृष्टी अधू करते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांत दिली जाणारी गोळी माणसाच्या आतड्यातील जंतांसाठी आहे. तिच्या भरवशावर आवार घाण ठेवणे योग्य नव्हे. अनवाणी पायांत कुत्र्याच्या अंकुशकृमीची अळी शिरल्यास कातडीवर खाजरी, नागमोडी लाल रेघ उमटते.

पिलांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्यास, आठ आठवड्यांची होईपर्यंत, पायरँटेल हे औषध देतात. आईलाही त्याच वेळी द्यावे. सुप्त अळ्या त्याने मरत नाहीत, म्हणूनच पुन्हा पुन्हा द्यावे लागते. मात्रा वजनावर ठरते. ती पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावी, मोठ्या कुत्र्याची गोळी अंदाजाने तोडून देऊ नये. विष्ठेत काकडीच्या बियांसारखे तुकडे दिसल्यास तो पट्टकृमी समजावा. त्यास प्राझिक्वाँटेल लागते. मात्र तो पिसवांवाटे येत असल्याने पिसवा गेल्यावाचून पुन्हा उद्भवतो.

जत्रेत बोकड कापल्यावर आतील अवयव कुत्र्यांपुढे टाकण्याची चाल मात्र फार धोक्याची. त्या यकृतात, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी असल्यास कुत्र्याच्या आतड्यात दुसरा, अवघ्या काही मिलिमीटरांचा पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास तशाच गाठी माणसातही होतात व कित्येकदा शस्त्रक्रिया करावी लागते. हे अवयव खोल पुरावेत. आवारातील विष्ठा रोज उचलून पुरावी. हे काम मुलांकडून करवू नये.