लघवीची घाई: गोळ्यांविषयीचे गैरसमज

लघवीची अचानक अनावर घाई होते, मोरी गाठेपर्यंत कपडे ओले होतात, रात्री तीनतीनदा उठावे लागते. अतिक्रियाशील मूत्राशयाचा हा त्रास बायका आणि पुरुष, दोघेही मुकाट्याने सोसतात. औषध मिळाले तरी ऐकीव गोष्टींवरून सोडतात.

गैरसमज: वय झाले, आता हे चालायचेच.
वस्तुस्थिती: वयाबरोबर प्रमाण वाढते, पण हा विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. यात मूत्राशय भरण्याआधीच त्याचा स्नायू आवळला जातो. जंतुसंसर्ग, मधुमेह, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीची वाढ यांनीही असाच त्रास होतो, म्हणून आधी तपासणी हवी.

गैरसमज: चार दिवसांत गुण नाही, म्हणजे गोळी लागू पडत नाही.
वस्तुस्थिती: पूर्ण परिणाम दिसायला 4 ते 8 आठवडे लागू शकतात. गोळी सुरू करण्यापूर्वी तीन दिवस वहीत नोंद ठेवा: किती वाजता गेलो, किती झाली, कधी गळाली. महिन्याने पुन्हा लिहा. फरक वहीतच दिसेल.

गैरसमज: सगळ्याच गोळ्यांनी तोंड कोरडे पडते.
वस्तुस्थिती: सॉलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठही होते. काचबिंदूच्या काही प्रकारांत त्या चालत नाहीत. वृद्धांमध्ये विसराळूपणा, गोंधळ वाढू शकतो. मिराबेग्रॉन वेगळ्या मार्गाने स्नायू सैल करते, त्यामुळे तोंड कोरडे पडण्याचा त्रास कमी. मात्र त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो मोजत राहावा. एक गोळी सोसली नाही, तर डॉक्टर दुसरी देऊ शकतात.

गैरसमज: गोळी मोठी वाटली तर सुरीने अर्धी करावी.
वस्तुस्थिती: यातल्या अनेक गोळ्यांतून औषध दिवसभर हळूहळू सुटते. अशी गोळी मोडली, चावली किंवा कुटली की औषध एकदम अंगात जाते. ती अख्खीच गिळावी.

गैरसमज: पाणी तोडले की गोळीची गरज नाही.
वस्तुस्थिती: पाणी फार कमी केले तर लघवी दाट होऊन जळजळ वाढते, बद्धकोष्ठही बळावते. कमी करायचे ते चहा-कॉफी आणि झोपण्याआधीचे पाणी. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि दोन खेपांमधला वेळ थोडाथोडा वाढवण्याची सवय, यांची जोड गोळीला हवीच.

बाहेर जायचे म्हणून दिवसभर तहान मारणारी आई, मावशी, आजोबा आपल्याच घरात असतील. त्यांना आपणहून विचारा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.