होतकरू नटाची जीभ



अकोल्यास किंवा अमरावतीस एखाद्या नाटकाच्या तालमीला मी जाऊन बसलों कीं, तालीम आटोपल्यावर कोणी तरी तरुण हळूच जवळ येतो आणि विचारतो, "काका, माझी भाषा सुधारेल का हो?" अभिनयाविषयीं तो अवाक्षर काढीत नाहीं. त्याला आपल्या जिभेचीच लाज वाटत असते. रंग कसा लावावा, हात कोठें ठेवावे, ह्या गोष्टी चार तालमींत कळतात; म्हणून आज त्या बाजूला ठेवून ह्या जिभेविषयींच बोलावें असें मनांत आहे.

आमच्या वऱ्हाडी बोलींत 'ळ'चा 'य' होतो, हें आपणांस ठाऊकच आहे. डोळा म्हणजे 'डोया', शाळा म्हणजे 'शाया'. 'ण' तर आमच्या उंबरठ्याच्या आंत क्वचितच येतो. आणि 'तो जाते' असें म्हणतांना आम्हांस कांहीं चुकल्यासारखें वाटत नाहीं. परंतु हाच मुलगा 'रणदुंदुभी'तील एखादें आवेशाचें भाषण म्हणूं लागला कीं पावलोपावलीं ठेचाळतो. गंमत अशी कीं, हें नाटक लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचेच. १९२७ सालीं बलवंत संगीत मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं वकिली केली ती ह्याच वऱ्हाडांत. पण त्यांच्या 'मूकनायका'तलें एखादें वाक्य म्हणून पाहा, म्हणजे श्वास कोठें घ्यावा हा प्रश्न पडल्याखेरीज राहणार नाहीं. तेव्हां वऱ्हाडच्या नटाला प्रौढ भाषा नको, असें म्हणण्याची सोय आमच्याच लेखकांनीं ठेवलेली नाहीं.

उपाय अगदीं साधा आहे. जिभेचें टोंक मागें वळवून टाळूला लावावें आणि 'काल-काळ', 'बाल-बाळ', 'कन-कण' अशा जोड्या रोज दहा मिनिटें मोठ्यानें म्हणाव्या. भाषणाच्या कागदावर श्वासाच्या जागीं पेन्सिलीनें रेघ मारावी. सहा महिन्यांत फरक न पडलेला विद्यार्थी मीं अद्याप पाहिलेला नाहीं.

याहून मोठा दोष मात्र निराळाच आहे, आणि तो पुण्या-मुंबईच्या मुलांतही आढळतो. आपल्या मराठींत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटीं येतें, आणि नवशिक्याचा श्वास नेमका तेथेंच संपतो. "मीं त्याला मारलें नाहीं" हें वाक्य घ्या. शेवटचा शब्द घशांत राहिला कीं, मागच्या रांगेंतल्या प्रेक्षकाच्या दृष्टीनें बिचाऱ्या पात्रानें खून केलेला असतो! सबंध अंकाचा अर्थ असा एका 'नाहीं'पायीं उलटा झालेला मीं पाहिला आहे. म्हणून वाक्याच्या आरंभाला आवाज आवरून शेवटाकरितां श्वास राखावा. आणि तो छातींत वर न भरतां पोटापर्यंत खोल घ्यावा. आमच्याकडे उन्हाळ्यांत तर ह्याची कसोटीच लागते. बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलेला, नाट्यगृहांत कूलरची घरघर, आणि डोक्यावर टांगलेला मायक्रोफोन नटाच्या आवाजाबरोबर ती घरघरही मोठ्या इमानानें वाढवून देतो. अशा वेळीं ओरडूं नये. शब्दांतलीं व्यंजनें स्पष्ट उमटवावीं. बर्फाचें पाणी पिऊं नये, माठाचें चालेल.

आतां माझीच एक फजिती सांगतों. तरुणपणीं एका परीक्षकानें माझ्या 'डोया'ची भर सभेंत थट्टा केली. मीं ती इतकी मनाला लावून घेतली कीं, दोन वर्षें घरींसुद्धां पुस्तकी बोलूं लागलों. पुढें कपाशीच्या शेतकऱ्याची भूमिका मजकडे आली. संवाद वऱ्हाडींत होते; शब्द सारे बरोबर होते. प्रयोगानंतर आत्याबाई आंत आल्या. मला वाटलें, पाठ थोपटतील. त्या म्हणाल्या, "बाबू, असं कोन बोलते रे आपल्या इकडे? तू तं पाहुन्यासारखा बोलत होता!" परीक्षकाची थट्टा मीं केव्हांच विसरलों, आत्याबाईंचें तें वाक्य अजून विसरलों नाहीं. जीभ स्वच्छ करतां करतां मीं तिच्यावरची चवच धुऊन टाकली होती.

त्यानंतर मी अकोल्याच्या बाजारांत नुसता ऐकायला जाऊन बसूं लागलों. वऱ्हाडी म्हणजे केवळ 'काहून' आणि 'माह्या' नव्हे, हें तेथें कळलें. तिचा खरा जीव चालींत आहे: वाक्याच्या शेवटीं निघणारा हेल, मध्येंच टाकलेला प्रश्न, आणि त्यानंतरची स्तब्धता. ह्याचा सर्वांत मोठा आदर्श रंगभूमीबाहेरचा आहे. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचे गाडगे महाराज कीर्तनांत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि सबंध समुदायाकडून उत्तर वदवून घेत. १९५६ सालीं मुंबईस वांद्र्याला झालेलें त्यांचें कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. नटानें तें अवश्य ऐकावें. प्रश्न टाकल्यावर ते किती वेळ थांबतात, तें मनांत मोजावें. नवा नट एवढा थांबूं शकत नाहीं. त्याला भीति वाटते कीं, लोकांना वाटेल आपण भाषण विसरलों!

लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ह्या एकपात्री प्रयोगाचें नांव ऐकून आमच्यांतले कित्येक आपली बोली ऐकायला गेले आणि फसले. तें वऱ्हाड लग्नाचें, आणि बोली मराठवाड्याची. पण एकटा नट पन्नासाहून अधिक माणसें नुसत्या आवाजाच्या फरकानें उभीं करतो, हें पाहून कोणी निराश झाला नाहीं.

परवांच्या त्या तरुणाला मीं दोन कामें दिलीं आहेत. सकाळीं 'काळ-काल' घोकावयाचें, आणि संध्याकाळीं आपल्या आजीशीं अर्धा तास बोलावयाचें, तेंही तिच्याच बोलींत. पहिलें काम तो नियमानें करतो. दुसरें जड जातें, म्हणतो, आजी हसते. तिला हसूं दे, असें मीं त्याला सांगितलें आहे; आणि पुढच्या तालमीला तिलाही घेऊन ये, म्हणून बजावलें आहे.