अबोल व्यावसायिकाने अशील कोठून आणावेत?

सनद मिळाली, कचेरीवर पाटी लागली, दोन खुर्च्या आणि एक कपाटही आले. परंतु अशील काही येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतंत्र व्यवसाय आरंभणाऱ्या अनेक तरुण वकिलांच्या व सनदी लेखापालांच्या वाट्याला ही अवस्था येते. अशा वेळी वडीलधाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो : चार माणसांत मिसळ, क्लबाचा सभासद हो, लग्नकार्याला हजेरी लाव. गर्दीत ज्याचा जीव रमतो त्याला हा सल्ला मानवतो. अबोल आणि संकोची तरुणाला मात्र तो शिक्षेसारखा वाटतो. तो आपल्या स्वभावालाच दोष देऊ लागतो आणि वर्षा-दोन वर्षांत पाटी उतरवून नोकरीसाठी शहर गाठतो. त्याचे वैयक्तिक दुर्दैव म्हणून हा प्रश्न सोडून देणे योग्य होणार नाही.

या तरुणाला अन्य दुकानदारांप्रमाणे जाहिरातही करता येत नाही. सनदी लेखापालांसाठी १९४९ साली झालेल्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात काम मागत फिरणे आणि जाहिरात करणे यांची गणना व्यावसायिक गैरवर्तनात केली गेली. वकिलांच्या बाबतीत बार कौन्सिलच्या नियमावलीतील छत्तिसावा नियम तोच दंडक घालतो. पुढे हे निर्बंध काहीसे सैल झाले. २००८ साली वकिलांना आपली जुजबी माहिती संकेतस्थळावर देण्याची मुभा मिळाली. तरीही मूळ भूमिका हीच राहिली, की विद्येच्या व्यवसायात काम चालत यावे, ते मागू नये. भूमिका उदात्त आहे. पण ज्याचे वडील वा आजोबा त्याच व्यवसायात होते त्याच्याकडे काम चालत येते. ज्याच्या घराण्यात सनद घेणारा तोच पहिला, त्याच्याकडे ते कोणत्या वाटेने यावे?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न मुळात माहितीचा आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की मालाचा कस विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असला, तर चांगला माल बाजारातून हटण्याचा धोका असतो. व्यावसायिक सेवेत ही अडचण अधिकच बिकट होते. वकिलाने दिलेला सल्ला योग्य होता की नाही, हे दावा संपल्यावरही अशिलाला नेमके सांगता येत नाही. मग तो अन्य खुणा शोधतो : कचेरीतील गर्दी, व्यासपीठावरची खुर्ची, बोलण्यातील आत्मविश्वास. या खुणांचा कामाच्या गुणवत्तेशी संबंध असेलच असे नाही. म्हणूनच वर सांगितलेल्या तरुणाने पाटी उतरविली म्हणजे कदाचित एक जाणकार सल्लागार गावाला मुकतो आणि त्याचे नुकसान गावातील लहान व्यापारीही सोसतो.

यावर उपाय केवळ गोतावळा वाढविण्यात आहे, असे मात्र नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात बॉस्टनजवळच्या एका उपनगरातील व्यावसायिकांना नोकऱ्या कशा लागल्या याचा शोध घेतला. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती त्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या व्यक्तीशी वारंवार गाठ पडत असे. उरलेल्यांची ती प्रसंगोपात किंवा क्वचितच पडे. तो अभ्यास नोकऱ्यांचा होता हे खरे. परंतु दूरच्या, पातळ ओळखीही उपयोगी पडतात, हा त्यातील बोध व्यवसायालाही लागू पडावा. अशी ओळख जपण्यास रोजच्या मैफली लागत नाहीत. वेळेवर गेलेले पत्रोत्तरही पुरते.

संकोची माणसाचे बळही येथेच आहे. तो ऐकून घेतो, टिपणे नीट ठेवतो, लिहून सांगतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा कापडाच्या किंवा किराण्याच्या दुकानदाराला भाषणांपेक्षा कोणते विवरणपत्र कोणत्या तारखेस भरावयाचे, हे स्वच्छ मराठीत सांगणारा एक कागद हवा होता. आपल्या असलेल्या पाच अशिलांना असा कागद देणाऱ्याचे नाव सहावा व्यापारी विचारीत येतो. एखादाच विषय निवडून, मग तो सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब असो की जमिनीचे फेरफार, त्यात प्रावीण्य मिळविले, तर समव्यावसायिकही आपल्याला न जमणारे काम त्याच्याकडे धाडू लागतात. या मार्गाने फळ उशिरा मिळते, हे खरे. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे निभावतील एवढी शिल्लक किंवा एखाद्या ज्येष्ठाच्या कचेरीतील अर्धवेळ काम हाताशी असणे इष्ट.

परंतु सारा भार त्या तरुणावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. महाराष्ट्रात सहकारी संस्थेने आपला लेखापरीक्षक शासनमान्य नामतालिकेतून सर्वसाधारण सभेत नेमावा, अशी तरतूद २०१३ च्या दुरुस्तीने झाली. नामतालिका सर्वांसाठी खुली असली तरी सभेत नाव सुचविले जाते ते बहुधा परिचितांचे. संस्थांनी नामतालिकेतील दोन-तीन नवख्यांकडून लेखी प्रस्ताव मागविण्याचा परिपाठ ठेवला, तर ज्याला बोलता येत नाही पण काम येते, अशालाही दार उघडेल. ज्येष्ठांनीही हाताबाहेरचे काम नातलगांपुरते न राखता होतकरूंकडे सोपवावे.

शिवाय लेखापरीक्षकाला प्रसंगी अशिलाला 'नाही' म्हणावे लागते. ज्याचा सारा व्यवसाय पंगतीतल्या स्नेहावर उभा आहे, त्याला हा नकार जड जातो. ज्याच्याकडे अशील कामाची कीर्ती ऐकून आला, त्याला तो तुलनेने सोपा जातो. ज्या ताळेबंदांवर ठेवीदार विसंबून असतात त्यांवर सही कोणाची असावी, याचा विचार करताना सभासदांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.