घरोघर विक्रीचा व्यवसाय : स्वीकारण्यापूर्वी करावयाचा हिशेब

बांगड्यांचे ओझे खांद्यावर घेऊन गावोगाव फिरणारा कासार आणि जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी बोहारीण यांची आठवण मागील पिढीतील अनेकांना असेल. दुकानाची पायरी न चढता माल ग्राहकाच्या दारी पोचविण्याचा व्यवहार आपल्याकडे नवा नाही. कासाराला पुढच्या सणाला त्याच ओट्यावर येऊन बसावयाचे असे. बांगडी वाईट निघाली तर ते घर त्याला तुटत असे. त्यामुळे विक्रेत्याची पत हेच या व्यवहाराचे खरे भांडवल होते.

आज साबण, सौंदर्यप्रसाधने, स्वयंपाकाची भांडी आणि पूरक आहाराच्या पावडरी यांची विक्री अनेक कंपन्या दुकानांऐवजी स्वतंत्र विक्रेत्यांमार्फत करतात. यास ‘थेट विक्री’ असे म्हणतात. पदवी घेऊन नोकरीच्या प्रतीक्षेत असलेला तरुण, घरकाम सांभाळून चार पैसे मिळवू इच्छिणारी गृहिणी आणि निवृत्तीस आलेला कर्मचारी यांना या व्यवसायाचे निमंत्रण वारंवार येते. ते स्वीकारावे किंवा नाही, याबाबत गावात शिक्षकांचा आणि पंचायत सदस्यांचा सल्ला घेतला जातो. एवढेच नव्हे, तर पहिले निमंत्रण पुष्कळदा त्यांनाच येते. “गुरुजी, तुम्ही आलात म्हणजे गाव येईल,” असे त्यांना सांगितले जाते. यास्तव या व्यवसायाचे स्वरूप, त्यातील प्राप्ती आणि त्यास लागू असलेले कायदे यांची माहिती सर्वांना असणे अगत्याचे आहे.

पैसा मालाचा की माणसांचा?

थेट विक्रीत विक्रेत्याला दोन प्रकारांनी प्राप्ती होते. स्वतः विकलेल्या मालावर मिळणारी सूट किंवा दलाली हा पहिला प्रकार. आपण आणलेल्या इतर विक्रेत्यांच्या विक्रीवर मिळणारा हिस्सा हा दुसरा. या दोन्हींचा उगम ग्राहकाने खरोखर वापरासाठी घेतलेल्या मालात असेल, तर तो व्यापार होय. परंतु नवा सभासद भरती झाला म्हणून जुन्या सभासदाला पैसे मिळत असतील आणि माल केवळ निमित्तापुरता असेल, तर तो व्यापार राहत नाही. ती साखळी होते.

अशी साखळी का टिकत नाही, हे साध्या गुणाकाराने कळते. समजा, एका व्यक्तीने सहा सभासद आणावयाचे व त्या सहांपैकी प्रत्येकाने पुन्हा सहा आणावयाचे. दुसऱ्या पायरीला ३६, तिसऱ्या पायरीला २१६, चौथ्या पायरीला १,२९६ आणि पाचव्या पायरीला ७,७७६ माणसे लागतात. मध्यम आकाराचे गाव येथेच संपते. अकराव्या पायरीला ३६ कोटींहून अधिक माणसे लागतील. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती. साखळी कोणत्याही पायरीवर थांबली, तरी तिच्यातील दर सहा माणसांपैकी सुमारे पाच जण शेवटच्या पायरीवर उभे असतात व त्यांच्या खाली कोणीही नसते. यात कोणाच्या आळसाचा दोष नाही. योजनेची रचनाच तशी असते.

हा भेद करण्याचा प्रश्न इतर देशांपुढेही आला. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ साली अ‍ॅमवे या कंपनीच्या प्रकरणात दिलेला निर्णय या संदर्भात पाहण्यासारखा आहे. आधीच्या मालापैकी किमान ७० टक्के विकला जाणे, दरमहा दहा किरकोळ ग्राहकांना विक्री होणे व सोडून जाणाऱ्याचा शिल्लक माल परत घेणे, असे त्या कंपनीचे नियम होते. ते विचारात घेऊन ही योजना बेकायदेशीर साखळी नसल्याचे आयोगाने ठरविले. त्याच वेळी किमती बांधून देण्यास आणि प्राप्तीविषयी अतिशयोक्त दावे करण्यास त्याने मनाई केली. माल खऱ्या ग्राहकापर्यंत पोचतो काय, हीच कसोटी त्या निर्णयाच्या मुळाशी होती.

कायद्याने आखलेली सीमा

आपल्या देशात बक्षीस चिठ्ठ्या आणि पैसा फिरविण्याच्या योजना यांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. सभासद नोंदविण्याच्या आधारावर झटपट पैसा देऊ करणाऱ्या योजना या कायद्याच्या कक्षेत येतात. अशी योजना चालविणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. योजनेत सभासद नोंदविणे हेही निषिद्ध आहे. “मी केवळ ओळखीच्या लोकांना सांगितले,” हे उत्तर म्हणूनच पुरेसे ठरत नाही.

थेट विक्रीसाठी केंद्र शासनाने प्रथम २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ‘ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१’ हे २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झाले. या नियमांतील पुढील तरतुदी प्रत्येक इच्छुकाने ध्यानात ठेवाव्यात.

१. विक्रेता होण्यासाठी प्रवेश फी, नोंदणी फी किंवा प्रात्यक्षिकाच्या साहित्याची किंमत मागता येत नाही.

२. केवळ नवीन माणूस भरती केल्याबद्दल मोबदला देता येत नाही.

३. वाजवी मुदतीत विकला किंवा वापरला जाईल त्याहून अधिक माल घेण्याची सक्ती करता येत नाही.

४. विक्रेत्याशी लेखी करार करावा लागतो. सही केल्यानंतर ठराविक मुदतीत दंड न देता करारातून बाहेर पडण्याची मुभा द्यावी लागते. विक्रीयोग्य शिल्लक माल वाजवी अटींवर परत घेण्याची सोयही असावी लागते.

५. कंपनीचे भारतात नोंदणीकृत कार्यालय व तक्रार निवारण अधिकारी असणे आवश्यक आहे.

विक्रेत्यावरही बंधने आहेत. ओळखपत्राशिवाय आणि पूर्वसंमती घेतल्याशिवाय त्याने ग्राहकाच्या घरी जाऊ नये. संभाषणाच्या आरंभीच आपले नाव, कंपनीचे नाव आणि येण्याचा हेतू सांगावा. किंमत, परतीच्या अटी आणि विक्रीनंतरची सेवा यांची खरी माहिती द्यावी. “चहाला या” असे सांगून घरी बोलवावयाचे आणि मग योजना पुढे ठेवावयाची, ही रीत या नियमाशी विसंगत आहे.

पूरक आहाराच्या विक्रीत आणखी सावधगिरी हवी. मधुमेहासारखे रोग अमुक औषधाने बरे होतात, अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातीविषयक कायद्याने मनाई आहे. त्या कायद्यातील जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणाही येते. एखाद्या रुग्णाने अशा बोलण्यावर विसंबून चालू औषध बंद केले, तर होणारी हानी पैशात मोजता येणार नाही.

एका महिन्याचा जमाखर्च

सभांमधून मोठ्या प्राप्तीचे आकडे सांगितले जातात. इच्छुकाने ते बाजूस ठेवून स्वतःच्या वहीत एका महिन्याचा जमाखर्च मांडावा. उदाहरणादाखल असे समजू की, एका गृहिणीने २५ घरे नियमित ग्राहक म्हणून मिळविली आणि प्रत्येक घर दरमहा ८०० रुपयांचा माल घेते. एकूण विक्री २०,००० रुपये झाली. तीत तिला शेकडा २० सुटत असल्यास ४,००० रुपये मिळतील. त्यातून माल आणण्याचा व फिरण्याचा खर्च ८०० रुपये, दूरध्वनी व नमुने ४०० रुपये आणि सभांना जाण्यायेण्याचा खर्च ५०० रुपये वजा केल्यास २,३०० रुपये उरतात.

आता वेळेचा विचार करू. प्रत्येक घरी महिन्यातून दोन खेपा आणि दर खेपेस पाऊण तास धरला, तर साडेसदतीस तास होतात. माल आणणे, हिशेब व सभा यांचे सोळा तास मिळविल्यास एकूण सुमारे ५४ तास भरतात. म्हणजे तासाला ४३ रुपयांच्या आसपास प्राप्ती झाली. त्यातच दोन घरांनी उधारी बुडविली, तर १,६०० रुपये जाऊन हाती अवघे ७०० रुपये राहतात. दलाली मिळण्यास पात्र राहण्यासाठी दरमहा स्वतः काही माल घ्यावा लागत असेल, तर तोही खर्चाच्या बाजूस लिहावा.

हे आकडे कल्पित आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातील घरे, अंतरे आणि दर घालून ते बदलून घ्यावेत. तसे केल्यावर, पूरक मिळकत म्हणून हा व्यवसाय काहींना परवडेल. मात्र संसाराचा एकमेव आधार म्हणून तो पुरेल की नाही, याचे उत्तर वहीतच मिळेल. तोच माल, तेवढ्याच प्रतीचा, तालुक्याच्या बाजारात काय भावाने मिळतो हेही पाहावे. किमतीत मोठी तफावत असेल, तर पहिली खरेदी ओळखीखातर होईल, दुसरी होणार नाही.

स्वभाव, सवड आणि नाती

जमाखर्च जुळला तरी स्वभावाचा प्रश्न उरतो. अनोळखी दारावर जाण्याचा संकोच नसणे, दहा नकारांनंतरही सौजन्य न सोडणे, उधारी वेळेवर मागता येणे आणि प्रत्येक रुपयाची नोंद ठेवणे हे गुण या कामी लागतात. ते असणाऱ्या व्यक्तीला थोड्या भांडवलात आणि स्वतःच्या सवडीने करता येणारे हे काम आहे, हे मान्य करावयास हवे. विक्रीचे कौशल्य अंगी आल्यास ते अन्यत्रही उपयोगी पडते. महिला बचत गटांना आपला मसाला किंवा पापड विकताना याच कौशल्याची गरज भासते.

तथापि, गावातील पहिले ग्राहक बहुधा नात्यातील असतात. वहिनी, मावशी किंवा शेजारीण नाही म्हणू शकत नाही, म्हणून माल घेते. असा ग्राहक मोजताना वगळावा. नातेवाईक आणि मित्र सोडून दहा तरी घरे हा माल पुन्हा मागतील काय, हा प्रश्न इच्छुकाने स्वतःला विचारावा. उत्तर नकारार्थी असेल, तर थांबणे श्रेयस्कर होय.

शासकीय सेवकांची स्थिती

शासकीय कर्मचाऱ्यास महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार करता येत नाही. जिल्हा परिषदेच्या सेवकांसाठी १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. घरातील व्यक्ती दलालीचा व्यवसाय करीत असल्यास १९७९ च्या नियमांप्रमाणे तसे शासनास कळवावे लागते. तिच्या व्यवसायासाठी कर्मचाऱ्याने प्रचार करणेही नियमभंग ठरतो. पालकसभेत किंवा कार्यालयात मालाची शिफारस करण्यापूर्वी शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. नियमाचा हेतूही स्पष्ट आहे. ज्याच्याकडे आपले काम अडले आहे, त्याला ग्राहक मोकळेपणाने नकार देऊ शकत नाही.

सल्ला विचारला गेल्यास

सल्ला विचारणाऱ्याला तीन गोष्टी मागण्यास सांगावे : लेखी करार, माल परतीच्या अटी आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव. आरंभी पैसे भरण्यास सांगितले गेले किंवा “आजच निर्णय घ्या” असा आग्रह झाला, तर तेथून परतावे. मालासंबंधी तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. पैसा फिरविण्याची योजना असल्याचा संशय आल्यास पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी. पावत्या, करार आणि संदेश जपून ठेवावेत. लाजेपोटी गप्प बसणाऱ्यांमुळे पुढील गावातील माणसे फसतात.

कोणत्याही प्रामाणिक व्यवसायास कमी लेखण्याचे कारण नाही. ज्याने हिशेब मांडला, नियम वाचले आणि माल स्वतः वापरून पाहिला, त्याने घरोघर जाऊन तो अवश्य विकावा. मात्र गावातील जाणत्या व्यक्तींनी एखाद्या योजनेस आपले नाव देण्यापूर्वी हे स्मरणात ठेवावे की, योजना बंद पडल्यावर तिचे चालक निघून जातात. शिक्षक आणि पंचायत सदस्य त्याच गावात राहतात, आणि गमावलेल्या पैशांचा जाब लोक त्यांनाच विचारतात.