जुन्या घराची दुरुस्ती : खर्चाचा वास्तव अंदाज

'घर पाहावे बांधून' ही म्हण नव्या घराविषयी सांगितली जात असली, तरी तिचा खरा प्रत्यय येतो तो जुन्या घराची दुरुस्ती काढणाऱ्यास. नव्या घराचा नकाशा असतो, मोजमापे ठरलेली असतात. जुन्या घराच्या पोटात काय दडले आहे, हे मात्र भिंत उकरल्यावर आणि छप्पर उघडल्यावरच कळते. परिणामी काम वाढते, हाती असलेला पैसा संपतो आणि मृगाच्या तोंडावर कुटुंबास अर्धवट उघड्या घरात दिवस काढावे लागतात. कुटुंबाची ऐपत हे याचे एकच कारण नसते. अंदाजपत्रकातील त्रुटी हेही तितकेच महत्त्वाचे कारण असते. मराठवाड्यातील माळवदाच्या घराचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट स्पष्ट होईल.

छपरावरील भार

लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी माळवदाची रचना असते. उन्हाळ्यात घर थंड राहते, हा तिचा मोठा गुण होय. परंतु गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे मातीवर माती टाकली जाते आणि थर दीड फुटांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक वाढतो. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीवर दीड फुटाचा थर असल्यास ती माती १८० घनफूट, म्हणजे १.८ ब्रास भरते. तिचे वजन सुमारे आठ टन होते. पावसाने भिजल्यावर हा भार आणखी वाढतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड छप्परे कोसळणे हे या प्राणहानीचे प्रमुख कारण होते. म्हणूनच अशा घराच्या अंदाजपत्रकात पहिली बाब फरशीची वा रंगाची नसावी. छपरावरील भार कमी करणे आणि भिंतींना बळकटी देणे, ही पहिली बाब होय.

पाहणी आणि मोजमाप

दराची चौकशी करण्यापूर्वी घराची पाहणी झाली पाहिजे. तुळयांना वाळवी लागली आहे काय, खांबांचे बूड कुजले आहे काय, भिंतीला पोट आले आहे काय, तिची दोन्ही तोंडे जोडणारे लांब दगड घातलेले आहेत काय, या गोष्टी जाणत्या गवंड्याकडून आणि शक्य तेथे अभियंत्याकडून तपासून घ्याव्यात. माळवद काढून त्या जागी स्लॅब टाकण्याची इच्छा अनेकांना असते. चार इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो असते. मातीत रचलेली जुनी भिंत हा भार पेलेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. अभियंत्याचा सल्ला येथे टाळता कामा नये. सल्ल्याचे शुल्क हीदेखील अंदाजपत्रकातील एक बाब समजावी.

पाहणीनंतर प्रत्येक कामाचे मोजमाप लिहावे. किमान दोन ठिकाणांहून लेखी दर घ्यावेत व त्यांवर तारीख घालावी. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची तुलनेसाठी उपयोगी पडते. मात्र स्थानिक मजुरी व वाहतूक यांची स्वतंत्र खातरजमा करावी. जुन्या दरांवर विसंबणे योग्य नव्हे. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. अशा बदलांनंतर पूर्वीचा अंदाज पुन्हा तपासावा लागतो.

हाती पैसा किती?

हाती आलेला पैसा आणि येईल असा वाटणारा पैसा यांत भेद करणे अगत्याचे आहे. समजा, एका कुटुंबाची बचत १,५०,००० रुपये आहे, १,००,००० रुपये कर्ज मंजूर झाले आहे आणि तुरीच्या विक्रीतून ५०,००० रुपये येण्याची आशा आहे. येथे अंदाजपत्रक ३,००,००० रुपयांचे नसून २,५०,००० रुपयांचे धरावे. तूर विकली गेल्यास रंगकामाचा विचार करता येईल.

कर्ज घेताना परतफेडीचा हिशेबही मांडावा. १,००,००० रुपये द.सा.द.शे. १२ दराने तीन वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ३,३२१ रुपये पडतो आणि एकूण व्याज १९,५०० रुपयांहून अधिक होते. ज्या घरात उत्पन्न सुगीला येते, तेथे दरमहा ही रक्कम कोठून उभी राहील, याचे उत्तर आधीच मिळाले पाहिजे.

शासकीय साहाय्याबाबतही हाच नियम लागू आहे. २०१६ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ही बेघर व कच्च्या घरांत राहणाऱ्या पात्र कुटुंबांना पक्के घर बांधण्यासाठी आहे. तिची रक्कम कामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी मिळते. मंजुरीचा आदेश हाती पडेपर्यंत कोणतेही अनुदान जमेस धरू नये.

अग्रक्रम आणि राखीव रक्कम

जुन्या घराच्या कामात अनपेक्षित खर्च निघतोच. त्यामुळे एकूण रकमेचा पाचवा हिस्सा प्रारंभीच बाजूला ठेवणे हिताचे. वरील उदाहरणात ५०,००० रुपये राखीव राहतील आणि कामासाठी २,००,००० रुपये उरतील. त्यांची वाटणी नमुन्यादाखल अशी करता येईल :

१. माती उतरविणे, तुळयांची दुरुस्ती व हलके पत्र्याचे छप्पर – ९०,००० रुपये
२. भिंतींची बळकटी – ५०,००० रुपये
३. शौचालय व सांडपाण्याची व्यवस्था – ३५,००० रुपये
४. विजेची जोडणी व वायरिंग – १५,००० रुपये
५. जमिनीची दुरुस्ती – १०,००० रुपये

प्रत्यक्ष आकडे गावोगावी वेगळे असतील. क्रम मात्र बदलू नये. आधी सुरक्षितता, मग आरोग्य, नंतर सोय आणि अखेरीस शोभा. पैसा कमी पडल्यास यादीतील शेवटची कामे पुढच्या वर्षावर ढकलावीत. वरच्या कामांत काटकसर करू नये.

नजरेआड राहणारे खर्च

उतरविलेली माती सुटी झाल्यावर अधिक जागा व्यापते. ती खाली आणण्याची मजुरी, ट्रॉलीचे भाडे आणि टाकण्याची जागा यांचा विचार सहसा होत नाही. काम चालू असताना कुटुंब कोठे राहील, धान्य व गुरे कोठे ठेवावयाची, हाही खर्चाचाच भाग आहे. सिमेंटचे काम किमान सात दिवस ओले ठेवावे लागते. टंचाईच्या गावी त्यासाठी टँकर घ्यावा लागल्यास तो खर्च अंदाजपत्रकात दिसला पाहिजे. याच कारणास्तव दिवाळीनंतर लवकर काम सुरू करून उन्हाळ्याचा कडाका वाढण्यापूर्वी ते संपविणे श्रेयस्कर. ऊसतोडीस गेलेले मजूर परत येण्याची वाट पाहावी लागणार असेल, तर तेही आधीच विचारात घ्यावे. सिमेंट कामापुरतेच आणावे. साठवून ठेवलेल्या सिमेंटची ताकद काळानुसार घटत जाते.

उचल आणि हिशेब

काम मजुरीच्या ठेक्याने दिले असल्यास कोणत्या कामासाठी किती रक्कम, हे कागदावर असावे. मोठी उचल देण्याऐवजी काम जसजसे पुरे होईल तसतशी रक्कम द्यावी. प्रत्येक खरेदीची पावती जपावी. एका वहीत 'अंदाज', 'प्रत्यक्ष' आणि 'फरक' असे तीन रकाने आखून दर आठवड्यास नोंद केल्यास खर्च हाताबाहेर जात असल्याचे वेळीच ध्यानात येते.

पंचायत व शिक्षकांचे साहाय्य

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कलम ५२ हे बांधकाम व पुनर्बांधकामाच्या परवानगीसंबंधी आहे. परवानगी लागणाऱ्या कामासाठी अर्ज येतो, तो क्षण मार्गदर्शनाचाही ठरू शकतो. अर्जदाराने छपराचा भार, भिंतींची स्थिती व राखीव रक्कम यांचा विचार केला आहे काय, एवढे तीन प्रश्न पंचायत सदस्यांनी विचारले, तरी पुष्कळ नुकसान टळेल. हिशेबाची वही आखून देण्याचे साहाय्य गावातील शिक्षक सहज करू शकतात. मृगाचा पहिला पाऊस पडेल तेव्हा कुटुंबाच्या डोक्यावर हलके, न गळणारे आणि कर्जाच्या ओझ्याने न वाकलेले छप्पर असावे, हाच अशा अंदाजपत्रकाचा खरा हेतू होय.