बिनतारी वाटेवरील रांग

गेल्या दिवाळीच्या आठवड्यातील गोष्ट. आमच्या पेढीवर गिऱ्हाईक उभे, माल बांधून तयार. परंतु कार्डाचे यंत्र काही केल्या दाद देईना. दोन खेपा फुकट गेल्या, तिसऱ्या खेपेस पैसे जमा झाले. तोवर मागची दोन गिऱ्हाइके निघून गेली होती. आम्ही अधिक वेगाची जोडणी घेतली, दरमहा अधिक पैसे मोजू लागलो. तथापि संध्याकाळची रड कायमच राहिली. शोध घेता कळले की उणीव वेगाची नव्हती, रांगेची होती. वखारीतील कॅमेरे आपली चित्रे दिवसभर वाय-फायवरून पाठवीत होते आणि त्यांच्या गर्दीत कार्डाच्या यंत्राचा चिमुकला निरोप अडकून पडत होता. सभासद बंधूंपैकी पुष्कळांस असा अनुभव येत असेल, म्हणून या विषयाची थोडी फोड येथे करीत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाय-फायची वाट सर्वांस मिळून एकच असते. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलावयाचे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे वाया जाते. शिवाय बिनतारी यंत्रास स्वतः बोलत असता दुसऱ्याचे ऐकू येत नाही. टक्कर झाली हे त्यास, पोच न आल्यावरूनच, मागाहून समजते. म्हणून प्रत्येक यंत्र बोलण्यापूर्वी कानोसा घेते. वाट मोकळी दिसली की ठराविक काळ थांबते, मग मनाशी एक चिठ्ठी काढते आणि चिठ्ठीवर जो आकडा निघेल तितके क्षण मोजून बोलावयास लागते. आजच्या वाय-फायमध्ये यांतील एक क्षण बहुधा ९ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी नऊ भागांचा असतो. टक्कर झाल्यास चिठ्ठ्यांची संख्या सुमारे दुप्पट होते, म्हणजे पुन्हा टक्कर होण्याचा संभव कमी होतो.

१९९७ साली ८०२.११ या नावाने वाय-फायचे मूळ प्रमाण प्रसिद्ध झाले, त्यातील या पद्धतीत सर्व यंत्रे समान होती. न्याय चोख, परंतु सर्वांची निकड काही समान नसते. दूरध्वनीवरील बोलणे या टोकाचे त्या टोकास पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा संकेत आहे. उलट, जमाखर्चाची प्रत साठवणीत पाच मिनिटे उशिरा गेली तर कोणाचे काय बिघडते? हा भेद जाणून २००५ साली ८०२.११ई ही सुधारणा संमत झाली. तिचाच व्यवहारोपयोगी भाग डब्ल्यूएमएम या नावाने २००४ पासून यंत्रांत येऊ लागला होता.

या योजनेत वाहतुकीच्या चार प्रती केलेल्या आहेत : आवाज, चलच्चित्र, सामान्य आणि मागाहूनची. प्रत्येक प्रतीस थांबण्याचा काळ निराळा आणि चिठ्ठ्याही निराळ्या. सर्वसाधारण मांडणीत आवाजाचे यंत्र प्रारंभी २ क्षण थांबते व ० ते ३ यांतील आकडा काढते. सामान्य वाहतूक ३ क्षण थांबून ० ते १५ यांतील आकडा काढते. मागाहूनची वाहतूक आकडा तितक्यांतूनच काढते, परंतु त्याआधी ७ क्षण थांबते. अर्थात आवाजास हमी मिळते असे नाही. त्याचा नंबर आधी लागण्याचा संभव तेवढा वाढतो.

कोणी म्हणेल, मग सर्वच कामांस आवाजाची प्रत द्यावी. येथेच फसगत होते. चार चिठ्ठ्यांत दहा जणांनी हात घातला तर दोघांच्या हाती तोच आकडा येणारच. टक्करीनंतर सामान्य वाहतुकीच्या चिठ्ठ्या वाढत वाढत १०२३ पर्यंत जाऊ शकतात. आवाजाच्या मात्र ७ वरच थांबतात. म्हणजे सर्वांस घाई दिली की टक्करीच माजतात आणि कोणाचेच काम होत नाही. दुकानात महिन्याच्या किराण्याची यादी देणारे गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत थांबावयास राजी असते, म्हणूनच मिठाची पिशवी मागणाऱ्यास आपण तत्काळ वाटेस लावू शकतो. पहिल्यास पुढे काढण्यात जितके शहाणपण आहे, त्याहून अधिक ज्यास घाई नाही त्यास मागे बसविण्यात आहे.

दुसरी गोष्ट दूरच्या यंत्राची. दीड हजार बाइटांचा एक निरोप सेकंदास ३०० मेगाबिटांच्या वेगाने निव्वळ ४० मायक्रोसेकंदांत जातो; तोच भिंतीआडून ६ मेगाबिटांच्या वेगाने गेला तर २,००० मायक्रोसेकंद घेतो. एका मंद यंत्राची एक पाळी वेगवान यंत्राच्या पन्नास पाळ्यांचा वेळ खाते, आणि तेवढा वेळ इतर सर्वांस तिष्ठत बसावे लागते. आमच्या वखारीतील कॅमेरे हेच करीत होते. कॅमेरा हवेत कोणत्या प्रतीने बोलतो हे तो स्वतः ठरवितो, त्यामुळे केवळ राउटरवरील खुणा बदलून हे दुखणे बरे होत नाही.

आम्ही जे उपाय केले ते सांगतो. जागचे न हलणारे कॅमेरे तारेने जोडले, म्हणजे हवेतील वाट मोकळी झाली. चित्रांची साठवण पेढीतच ठेवून बाहेर धाडावयाची प्रत रात्री जाईल असे केले. राउटर कपाटामागून काढून कार्डाच्या यंत्राच्या दृष्टीस येईल असा उंच लावला. डब्ल्यूएमएम मात्र बंद केले नाही, कोणी करूही नये. कारण २००९ च्या ८०२.११एन पासूनचे वेग त्यावरच अवलंबून आहेत, आणि ते बंद केल्यास वेग बहुधा ५४ मेगाबिटांवर येऊन थांबतो.

हेही विसरू नये की ही प्रतवारी आपल्या पेढीच्या हवेपुरती आहे. बाहेरच्या वाटेवर तिची दखल घेतली जाईलच असे नाही, आणि तिने वाट रुंद होत नाही. आहे त्या वाटेवर कोणी थांबावे इतकेच ठरते. यास्तव सभासद बंधूंनी अधिक वेगाचे पैसे मोजण्यापूर्वी आपल्या पेढीत कोण विनाकारण पुढे घुसत आहे हे एकवार पाहावे. आमच्या कार्डाच्या यंत्राने तेव्हापासून गिऱ्हाइकास ताटकळत ठेविलेले नाही.